काठावर थांबलेला अंगठा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. ही वही कधी कोणाच्या हाती लागलीच, तर त्याने आधी मला माफ करावं. चौथीनंतर वडिलांनी मला मागाजवळ कांड्या भरायला बसवलं, तेव्हापासून हातात पेन कमी आणि सूत जास्त आलं. पण एका माणसाचा राग पोटात इतके दिवस बसला आहे की तो कुठेतरी उतरवायलाच हवा. चारचौघांत बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

कापड हाती आलं की त्याचा अंगठा काठावरून फिरायचा. दुकानातलं लुगडं असो की लग्नात आहेर म्हणून मिळालेला टॉवेल. विणकराच्या पोरांना ही खोड असतेच. हातमागावर कापड ताठ राहावं म्हणून दोन्ही काठांना सुयांची पट्टी लावतात, तिची बारीक भोकं काठाशी राहून जातात. अंगठ्याला ती लागली की समजायचं, हे माणसाने विणलं आहे. नागपूरच्या महाल भागात त्याच्या बापाचा माग आमच्या घरासमोर होता. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला राखी बांधायचे.

माग बंद पडल्यावर त्याने पुष्कळ धंदे करून पाहिले आणि शेवटी टूर काढायला लागला. आधी काशी, मग परदेश. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. गळ्यात पासपोर्टचं पाकीट, हातात केशरी छत्री. दोनदा टाळी वाजवायचा आणि म्हणायचा, “पुढं चला, इथं पाहासारखं काही नाही.”

आमचे हे कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झाले आणि आम्ही क्वार्टर सोडून महालातल्या माझ्या माहेरच्या घरी राहायला आलो, तेव्हा तो पेढे घेऊन आला. भाऊजींनी जन्मभर राख खाल्ली, आता ताईला बँकॉक दाखवा, म्हणाला. आम्ही दोघं रायपूरच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. गेलो.

पहिल्या सकाळी ह्यांनी हॉटेलच्या खिडकीत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. कोराडीच्या क्वार्टरमध्ये रोज फिरवायचे तसंच. बोट स्वच्छ निघालं. “राख नाही वं,” ते म्हणाले, आणि मला वाटलं, जरा उदासच झाले.

खाली रस्त्यावर गाड्यांचा पूर होता, पण कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. सिग्नलला शेकडो स्कूटर गुपचूप उभ्या. हे फुटपाथवरून उतरायलाच तयार नव्हते. गाडी कुठून येते ते कानाने कळत नाही, तर माणसाने रस्ता ओलांडायचा कसा, हा त्यांचा प्रश्न. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना तो दोघा-दोघांची मनगटं धरून पलीकडे न्यायचा आणि परत यायचा. घामाने ओला व्हायचा, पण कोणाला ओरडायचा नाही. राग आहे म्हणून हे कशाला लपवू.

फुटपाथवर जागोजागी छोटी देवघरं होती, झेंडूच्या माळा घातलेली. देवापुढे लाल सरबताची बाटली, झाकण उघडून आत नळी घातलेली. आपण नैवेद्याभोवती पाणी फिरवतो, तिथे देवाची नळीची सोय. ते पाहून मला फार बरं वाटलं. मला तिथे दोन मिनिटं उभं राहायचं होतं. मागून टाळी वाजली. “पुढं चला, इथं पाहासारखं काही नाही.”

पाहण्यासारखं होतं ते त्याने दुसऱ्या दिवशी दाखवलं. रेशमाचं मोठं दुकान. आत इतका गारवा की बायकांनी पदर अंगाभोवती घेतले. काउंटरवर ठाणं उलगडली गेली. त्याने एक उचललं आणि सवयीने त्याचा अंगठा काठावर गेला. थोडा सरकला आणि थांबला. त्याने वर पाहिलं. मी त्याच्याकडेच पाहत होते.

त्या काठाला एक भोक नव्हतं. मशीनचं कापड होतं, मला तर दोन हात लांबूनच कळलं होतं.

त्याने कापड खाली ठेवलं आणि दोनदा टाळी वाजवली. “असली हातमाग आहे. अन् माह्यावर भरोसा नसन, तर आपल्यातच विणकराची लेक आहे. तिले विचारा.”

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. माझ्या वडिलांचा नियम होता, दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून मालाला नाव ठेवायचं नाही, त्यावर कोणाची चूल पेटते ते आपल्याला माहीत नसतं. आमच्या गल्लीत सगळेच तो पाळायचे. त्यालाही तो माहीत होता. आणि इतक्या लोकांनी एकदम पाहिलं की माझी जीभ टाळूला चिकटते, हेही त्याला लहानपणापासून माहीत होतं. मी मान खाली घातली. बायकांना वाटलं, हो म्हटलं.

चौघींनी घेतलं. मग मीही घेतलं. मी घेतलं नसतं तर ती मान खोटी ठरली असती. घरी साड्यांना फॉल-पिको करून सहा महिन्यांत जमवलेली कमाई त्या काउंटरवर ठेवली.

तिसऱ्या दुपारी त्याने सगळ्यांना खोलीत आराम करायला सांगितलं. ह्यांनी चपला घातल्या. आपण आपलं पाहून येऊ, म्हणाले. रस्ता ओलांडताना एका शाळकरी पोरीच्या मागे मागे चाललो. हातगाडीवर तिखट-मीठ लावलेली कच्ची कैरी मिळाली, ती खात एका कालव्याच्या काठाने निघालो. गल्ली इतकी अरुंद की ह्यांना मागे राहावं लागलं. आणि मला मागावरच्या धोट्याचा आवाज आला.

पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी मागावर बसली होती. मी दारात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, कापडाकडे बोट केलं, जवळ ये अशी खूण केली. माझा अंगठा काठावर गेला. भोकं लागली. म्हातारीने ते पाहिलं आणि स्वतःचा अंगठा माझ्या अंगठ्याशेजारी टेकवला. आम्ही दोघी हसलो. तिला माझा शब्द कळत नव्हता, मला तिचा. त्या शहरात मला पहिल्यांदा कोणी ओळखलं असेल, तर तिने.

परत येताना मी रडत होते. हे विचारत राहिले, काय झालं. असली कापड दुकानापासून पायी जाण्याइतकं जवळ होतं, आणि त्याने माझ्या बापाचं नाव पुढे करून खोटं विकलं, हे त्यांना सांगायलाही मला हॉटेल येईपर्यंत वेळ लागला.

नागपुरात आल्यावरही मी गप्पच होते. मग त्या चौघींतल्या मनीषनगरच्या बाईंचा फोन आला. त्यांनी ते कापड सुनेच्या डोहाळजेवणात दिलं होतं. “सगळ्यांना सांगितलं, विणकराच्या लेकीनं पारखून दिलंय म्हणून,” त्या आनंदाने म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि त्याच्या घरी गेले.

तो चहा घेत होता. “झालं ते झालं ताई. पुढं चल.”

“तुहा अंगठा थांबला होता,” मी म्हटलं. “मी पाहून राहिली होती.”

त्याने कप खाली ठेवला. “दुकानाचं कमिशन नसन तर टूर उभीच राहत नाही. तुमच्या दोघांपासून मी किती कमी घेतले, ठाव आहे तुले?”

“मंग माह्यापासून जास्त घ्याचे होते. माही मान काहून विकली?”

 तो म्हणाला, तुझे पैसे उद्याच देतो. मी सांगितलं, आधी त्या चौघींचे, माझे शेवटी.

मग मी एकटी चारही घरी गेले. कापड खोटं आहे, आणि मला तेव्हाच कळलं होतं, असं तोंडाने सांगितलं. एकीने दार लावलं. दोघी खूप बोलल्या. मनीषनगरच्या बाईंनी मुकाट्याने चहा केला, तो पिणं सगळ्यात जड गेलं.

चौघींना त्याने एकेक करून पैसे दिले, उशिरा दिले पण दिले. टूर बंद पडली. घर भाड्याने द्यायला काढून तो बायकोच्या गावी, उमरेडला निघाला. जायच्या दिवशी सकाळी माझ्या पैशांचं पाकीट घेऊन आमच्या दारात आला. बगलेत ती केशरी छत्री होती. मी त्याला माझं कापड परत दिलं. त्याचा अंगठा काठावर गेला, आणि त्यानेच तो मागे घेऊन मुठीत दाबला.

“ताई, राखीले येऊ?”

मी मान हलवली नाही. वर नाही, खाली नाही. त्याने कापड छत्रीसोबत बगलेत घेतलं आणि गेला. त्याच्या दाराला कुलूप होतं. समोरून जाताना त्याने तिकडे पाहिलं नाही.

राग गेला का, असं कोणी विचारेल. नाही गेला. पण राखी जवळ आली की गल्लीत कोणी दोनदा टाळी वाजवली तरी मी खिडकीशी जाते.

तो गेला त्या दिवशी ह्यांनी पाकीट उघडून नोटा टेबलावर लावल्या, बोट ओलं करून दोनदा मोजल्या.

“पूर्ण आहेत वं,” ते म्हणाले.