चिंधीचं पान

आधीच सांगून टाकते. शाळेनं आमच्या बाईंना फसवलं, आणि बाईंबरोबर सहावीच्या सगळ्या वर्गाला फसवलं. त्या वर्गात माझी मुलगी होती.

मी धंदा करणारी बाई आहे, फसवणं कशाला म्हणतात ते मला कळतं. समोरच्याचा दर पाडला म्हणजे फसवलं असं नाही. तो पाडला जाणार हे त्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो आधीच चढवून सांगतो. दुसऱ्यानं विणलेल्या कापडावर आपला शिक्का मारायचा, हे मात्र फसवणं.

माझा धंदा चिंध्यांचा. लूमवर कापड निघतं तेव्हा कडा कापल्या जातात, डाग पडलेले तुकडे निघतात, सुताचे गुंते उरतात. ते कारखान्यातून उचलायचं, गाळ्यावर आणून निवडायचं, आणि गॅरेजवाल्यांना पुसायला नाहीतर गादीवाल्यांना भरायला विकायचं. दिघाशीहून लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा डोक्यावर गाठोडं घेऊन फिरायचे. आज धामणकर नाक्याच्या मागे माझा स्वतःचा गाळा आहे. तो कुणी दिला नाही, भांडून घेतला.

मुलगी माझ्यावर गेली नाही. धंद्याच्या धावपळीत मी तिला चौथीपर्यंत दिघाशीला माझ्या आईकडे ठेवली होती. पाचवीला इथे आणली, आणि पहिल्याच आठवड्यात ती वर्गात म्हणाली, "मना येत न्हाय." सगळा वर्ग हसला. त्यानंतर तिनं शाळेत तोंड उघडणं सोडलं. विचारलं की मान हलवायची. घरी मात्र माझ्याशी आजीसारखी बोलायची, भाकरीवर मीठ-तेल लावून दिवसभराचं सगळं सांगायची.

"हासतान तर तू पन हास त्यांना," मी म्हणायचे.

"तुला जमतं. मना न्हाय जमत."

सहावीला तिला नव्या बाई मिळाल्या. भिवंडीतल्याच जुन्या घरातल्या, वडील कोर्टात कारकून होते. बोलणं हळू, पण समोरचा गप्प बसून ऐकेल असं. पालकांच्या पहिल्या सभेत त्या म्हणाल्या, "या वर्षी आपला वर्ग स्वतःचं विकी लिहिणार आहे."

मागून कुणीतरी विचारलं, "बाई, त्याची फी वेगळी का?"

"फी नाही. वर्गाचं पुस्तक समजा, पण न छापलेलं. शाळेच्या संगणकावर, नाहीतर तुमच्या फोनवर उघडायचं. मुलंच लिहिणार, मुलंच दुरुस्त करणार. कुणाचंही पान कुणीही बदलू शकेल. फक्त बदललं तर खाली कारण लिहायचं. कारण नसेल तर खोडायचं नाही."

मी उभी राहिले. "कुणाचंही कुणीही? मग ह्यात आणि चोरीत फरक काय?"

"फरक तुम्हालाच दिसेल," बाई म्हणाल्या. "थोडं थांबा."

थांबणं मला कधी जमलेलं नाही.

विषय होता 'आपली भिवंडी'. घरात, दारात जे दिसतं त्यावर प्रत्येकानं एक पान सुरू करायचं. कुणी रिक्षा स्टँडवर घेतलं, कुणी पडघ्याच्या वाटेवरच्या गोदामांवर. आमच्या लेकीनं घेतलं चिंधीवर.

"दुसरं काय मिळालं न्हाय तुला?"

"मना हेच येतं," ती म्हणाली.

तिनं पहिलं वाक्य लिहिलं: चिंधी म्हणजे लूमवर निघणारा माल, तो माझी आई निवडते. मी ते फोनवर पाहिलं आणि टेम्पो घेऊन गेलेल्या नवऱ्याला फोन करून वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पान उघडलं तर 'माल' गेलेला, त्या जागी 'कचरा'.

माझं डोकं फिरलं. तिच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, परत कसं करायचं. ती म्हणाली, 'बदला' दाब, पण कारण लिहावं लागेल. मी सांगितलं, तिनं लिहिलं: 'ज्यावर घर चालतं त्याला कचरा म्हणत नाहीत.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा कचरा. कारण: 'लूम कापडासाठी चालते, चिंधीसाठी नाही.'

मी लिहायला लावलं: 'कचरा गाडीवाले फुकट नेतात. चिंधी फुकट कोण देतं ते सांगा.'

उत्तर आलं: 'फुकट कुणी मागूही नये.'

तेव्हाच मला वास आला. सहावीचं पोर असं लिहीत नाही. पलीकडे कुणीतरी मोठं माणूस बसलंय आणि सौदा करतंय. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती. गाळ्यावर चिंध्या निवडता निवडता मी संध्याकाळचं कारण तयार ठेवायचे. मुलगी म्हणायची, "आये, पान माझं हाय." मी म्हणायचे, "तुझंच हाय, म्हणून तर भांडते."

मग एके दिवशी पानाच्या चर्चेच्या भागात बाईंनी दोन ओळी लिहिल्या: 'दोन्ही घरांतल्या मोठ्या माणसांनी शाळेत भेटायला यावं. मुलांना आता त्यांच्या पानावर लिहायचं आहे.'

गेले. वर्गात मुलांच्या बाकावर गुडघे अडकवून एक माणूस बसला होता. जवळ जाऊन पाहते तर शेठ! ज्यांच्या कारखान्यातून मी दर आठवड्याला चिंधी उचलते ते.

"अरे ताई! आप?"

"शेठ, तुम्ही?"

"ओळखता एकमेकांना?" बाईंनी विचारलं.

"हर हफ्ते झगडा होता है बाई," शेठ म्हणाले. "ओळख कशी नसेल?"

आणि मग दोघांच्याही डोक्यात एकच आलं. कारखान्याच्या दारात शेठ मूठभर चिंधी माझ्या नाकासमोर धरतात आणि म्हणतात, "ताई, माल है माल, हाथ लगाके देखो." आणि मी म्हणते, "कचरा आहे शेठ, उचलते म्हणून उपकार माना." वर्षानुवर्षं हेच चाललंय. बाईंना हे सांगावं लागलं. त्यांनी तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होते.

"म्हणजे तिकडे एक बोलता आणि माझ्या वर्गात बरोबर उलटं?"

"तिकडे धंदा आहे, बाई," शेठ म्हणाले. "इधर बच्चे पढ़ रहे हैं. इधर तो सच लिखना पड़ेगा ना?"

त्यांचं खरं काय होतं ते त्यांनी सांगितलं. त्यांचे आजोबा तेलंगणातून आलेले, हातमागावर विणणारे. चिंधी पडली की म्हणायचे, हात चुकला. त्यांच्या पणतवाच्या पुस्तकात चिंधीला माल लिहिलेलं शेठना कसं चालेल? आणि माझं खरं काय, ते मी कारणांत लिहूनच दिलं होतं. तेवढ्या वर्षांच्या भांडणात शेठच्या आजोबांविषयी मी कधी विचारलं नव्हतं. दारात उभं राहून कोण विचारतं?

बाईंनी मग संगणकावर त्या पानाचा इतिहास उघडला. आमचं सगळं भांडण तिथे ओळीनं मांडलेलं होतं, आणि अगदी तळाशी मुलीचं पहिलं वाक्य, शेजारी तिचं नाव.

"हे बघा," बाई मला म्हणाल्या. "वर कुणी कितीही बदललं तरी हे इथून हलत नाही. तिनं लिहिलं होतं, हे कुणालाही पुसता येत नाही. मी मुलांना हेच सांगते, म्हणून ती घाबरत नाहीत."

मी त्या वाक्यावर बोट ठेवलं. काच होती, तरी ठेवलं.

आम्ही दोघं मोठी माणसं पानावरून उठलो. शेठचा मुलगा आणि माझी मुलगी, दोघांनी मिळून लिहिलं: विणणारा चिंधीला कचरा म्हणतो, निवडणारी माल म्हणते, आणि दोघंही कारण सांगतात. खाली शेठचे आजोबा आले, माझं गाठोडंही आलं. बाई स्वतः एक अक्षर दुरुस्त करत नसत. चर्चेत फक्त विचारत: हे कुणी पाहिलंय? कुणाला विचारलंत? चिंधी निवडताना खोकला येतो का? हा शेवटचा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मुलीनं तो संध्याकाळी मी भाकऱ्या थापत असताना विचारला आणि मी सांगेपर्यंत चुलीजवळून हलली नाही. त्या वर्षी तिनं मला जेवढं विचारलं तेवढं आजवर माझ्या माहेरच्यांनीही विचारलेलं नाही.

पुढे तर ती दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या पानाची राखणदार व्हायची. हे नाव बाईंनीच काढलं होतं. त्या आठवड्यात पानावर कुणी काही खोडलं तर कारण पटतंय का ते राखणदारानं बघायचं. गोदामांच्या पानावर एका मुलानं अर्धा भाग उडवला तेव्हा हिनं त्याला चर्चेत लिहिलं, 'तुझं कारण दे. कंटाळा आला हे कारण न्हाय.' आणि ते 'न्हाय' तिनं तसंच ठेवलं.

मग एका दुपारी बाईंचा फोन आला. मी गोणीचं तोंड शिवत होते.

"आज ती वर्गात उभी राहून बोलली," बाई म्हणाल्या. "मी काही विचारलंही नव्हतं. गोदामांच्या पानावरून त्या मुलाशी वाद घातला. चांगला दणदणीत."

"हासली का पोरं?"

"हसली. मग तीही हसली."

मी सुई गोणीत तशीच खुपसून बसले. कामाला येणाऱ्या बायका विचारायला लागल्या, काय झालं, कुणी गेलं का?

त्या वर्षाअखेरीस शाळेत मोठे साहेब पाहणीला आले. मुख्याध्यापकांनी त्यांना विकी दाखवलं. साहेब खूश झाले. नंतरच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक आम्हा पालकांसमोर माईकवर म्हणाले, "ही पानं कायम राहतील. दरवर्षी पुढचा वर्ग त्यात भर घालेल." मी टाळ्या वाजवल्या. शेठनीही वाजवल्या.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तीन गोष्टी कळल्या. बाईंना संस्थेच्या पडघ्याच्या शाळेत पाठवलं होतं. शाळेनं कुठल्याशा कंपनीचं नवीन ॲप घेतलं होतं आणि विकी बंद केलं होतं. आणि 'आपली भिवंडी' नावाची गुळगुळीत कागदाची पुस्तिका निघाली होती. आतल्या पानावर लिहिलं होतं, संकल्पना आणि मार्गदर्शन: मुख्याध्यापक. बाईंचं नाव कुठे नाही. एकाही मुलाचं नाव नाही. आमचं पान दोन ओळींचं झालं होतं: 'चिंधी हा यंत्रमाग उद्योगातील टाकाऊ पदार्थ आहे. तिचा पुनर्वापर करता येतो.'

मी तशीच उठून मुख्याध्यापकांकडे गेले.

"माहिती तीच आहे ना, ताई," ते म्हणाले. "आता सगळ्या मुलांची नावं कुठे छापत बसणार?"

"बाईंचं एक नाव तरी?"

"त्या संस्थेच्या कर्मचारी आहेत. त्यांचं काम ते शाळेचं काम."

"आणि पोरं? ती पण कर्मचारी आहेत का?"

"तुम्ही आवाज चढवू नका."

"हा माझा उतरलेला आवाज आहे, सर. विकीचं काय झालं? जुनं सगळं कुठे आहे?"

"ते आता उघडत नाही," ते म्हणाले आणि घंटा वाजवून शिपायाला चहा सांगितला. माझ्यासाठी नाही.

मग मी पडघ्याला गेले. बाई चौथीच्या वर्गावर होत्या. तिथला संगणक बंद पडलेला. पण भिंतीवर मोठमोठे कागद टांगलेले होते, प्रत्येकावर पेन्सिलीनं लिहिलेलं. बदल करायचा तर मुलं जुना कागद काढत नव्हती, नवा त्याच्यावर टाचत होती. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात कारण आणि नाव. मी एका चळतीचे कागद उचलून खालचा पाहिला. कुणीतरी आपल्या बकरीवर एकच ओळ लिहिली होती.

"बाई, तुम्ही तक्रार का नाही केली?"

"जाऊ दे हो," त्या म्हणाल्या. "इथली मुलं मला हवी तेवढी भांडतात."

"तुम्ही जाऊ देता, म्हणून लोक घेतात."

त्या हसल्या. मग विचारलं, "ती बोलते ना वर्गात?"

"बोलते," मी म्हटलं. ते खरं आहे. घरी मात्र तिनं मला जे विचारलं ते मी बाईंना सांगितलं नाही, माझ्याच्यानं सांगवलं नाही. पुस्तिका पाहून झाल्यावर तिनं ती मिटून शिलाईयंत्रावर ठेवली आणि म्हणाली, "आये, बाई तर म्हनलेल्या की पुसता येत न्हाय. मंग पुसलं कसं?"

मी धंद्यातली बाई, उत्तर शोधत शेठकडेही गेले. त्या दिवशी आम्ही चिंधीच्या दरावरून भांडलो नाही. पण हे उत्तर मी का द्यावं? शेठनी का द्यावं? बाईंना तर मी ते देऊच देणार नाही, त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या हातात होतं तोवर खरं होतं.

उत्तर मुख्याध्यापकांनी द्यावं. केबिनमध्ये मला नको. त्यांनी सातवीच्या वर्गात यावं, माझ्या मुलीसमोर आणि शेठच्या मुलासमोर उभं राहावं, आणि ती पानं कुठे गेली, नावं कुणी खोडली ते सांगावं. आणि खोडलं असेल तर फळ्यावर कारण लिहावं. कारण नसेल तर खोडायचं नाही, हा त्या वर्गाचा नियम आहे. पोरं पाळत होती. आता त्यांनी पाळावा.