बंदराच्या तोंडातली तार

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागे टिनाच्या दुकानात गुलाम रसूल मिस्तरी बसतात. बसतात म्हणजे कसे? नाटकातला राजा सिंहासनावर बसतो तसे, पाठ ताठ. फक्त सिंहासनाच्या जागी पालथा डबा आणि राजदंडाच्या जागी लाकडी हातोडी. जळालेल्या मोटरी बांधणं हे त्यांचं काम. आसपासच्या गावांत विहिरी-बोअरवर पाणी फेकणाऱ्या निम्म्या मोटरींच्या पोटात त्यांच्या हातची तांब्याची तार आहे. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नाही, मान तेवढी जराशी वर होते.

गोष्ट करोनाच्या दुसऱ्या वर्षातली, ऑक्टोबरातली. पावसानं पाठ फिरवली होती आणि धान ऐन निसवायला आलं होतं. अशात रुखमाबाई आपली बोअरची मोटर ऑटोत घालून दुकानी आल्या. जंगलाला लागून त्यांची दोन एकर धानाची बांधी, म्हणजे बांध घालून पाणी धरणारं शेत. लोंब बाहेर पडताना जमीन सुकली तर दाणा भरत नाही, नुसतं पोचट हाती येतं. त्यांच्याजवळ चार दिवस होते, फार तर पाच.

मिस्तरींनी मोटर उघडली, नाक जवळ नेलं आणि जळका वास ओळखून मान हलवली. आतल्या तीन गुंडाळ्यांपैकी एक खाक झाली होती. नवी तार हवी, आणि तार तर दुकानात वीतभरही नव्हती. दीड वर्षात तांब्याचा भाव जवळजवळ दुप्पट झाला होता, आणि तो भाव देतो म्हटलं तरी नागपूरचा व्यापारी दोन महिन्यांपासून तारखाच देत होता.

"माल बंदरात अडकला आहे, बाई," ते म्हणाले.

रुखमाबाईंनी पदर खोचला. "बंदरायनं आमची तूर खाल्ली, घरावरचे कवेलू फोडले. आता तांब्याची तारबी खाऊन राह्यले का?"

दुकानात बसलेले दोघे-तिघे खो-खो हसले. बाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यांना ठाऊक असलेलं बंदर शेपटीवालं. त्या डगमगल्या नाहीत. फटाके लावून कोणी हाकललं काऊन नाही, असं त्यांनी हसणाऱ्यांनाच विचारलं.

मिस्तरी मात्र हसले नाहीत. गिऱ्हाइकाच्या चुकीवर हसायचं नाही, ही त्यांच्या अब्बांची शिकवण. जहाजं लागतात त्या जागेलाही बंदर म्हणतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मुलगी अमरीन त्यांना रोज मोबाइलवरच्या बातम्या वाचून दाखवत असे, त्या त्यांनी बाईंच्या भाषेत उलगडल्या. तुमच्या गावच्या तलावाचं दार महिनोन्‌महिने बंद ठेवलं आणि मग एका सकाळी उघडलं, तर काय होईल? तसंच झालं. करोनात जगातल्या खाणी अन् कारखाने बंद पडले. उघडले तेव्हा सगळ्यांना माल एकाच दिवशी हवा झाला. ज्या लोखंडी पेट्यांतून माल जहाजावर चढतो त्या पेट्या भलत्याच किनाऱ्यावर रिकाम्या पडून राहिल्या, सगळ्या बैलबंड्या एकाच गावच्या बाजारात अडकून पडाव्यात तशा. एक जहाज तर कालव्यातच आडवं फसलं होतं. जिनसा महागल्या म्हटल्यावर मोठ्यांनी गोदामं भरून घेतली, आणि शेवटच्या बांधीवाल्यांच्या वाट्याला चिखल आला. "आपण शेवटचे, बाई."

"मंग वरच्या बांधीवाल्यायनं पाणी अडवलं, असं म्हणा ना," रुखमाबाई म्हणाल्या. "बिचाऱ्या बंदराचं नाव काऊन घेता?"

जगाच्या बाजाराचा असा सोपा निवाडा मिस्तरींनी कुठे ऐकला नव्हता.

पण निवाड्यानं बांधी भिजत नाही. बाईंनी ऐकलं होतं की रस्त्यावरचे काही कारागीर तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरून संध्याकाळपर्यंत मोटर हाती देतात. तेच करून द्या, असं त्या म्हणाल्या.

"दिवसरात्र चालवाल तर ती तापंल, बाई. अर्धं पाणी झाल्यावर बसंल. माह्या हातची मोटर तशी बसली, तर दुकानाचं टिन मीच उतरवीन."

त्यांनी वर पाहिलं. छताच्या आढ्याला बांबूच्या रिळांची रांग टांगलेली होती. बाकीचे कारागीर जुनी गुंडाळी छिन्नीनं तोडून भंगारात देत. पण पाण्यातल्या मोटरीच्या तारेवर प्लास्टिकचं कवच असतं. अब्बांनी शिकवलं होतं की ती तोडायची नाही, वेढा-वेढा ओढून काढायची, जळका तुकडा टाकायचा आणि चांगला जपायचा. वीस वर्षांची ती जपणूक त्यांची बायको साबिरा हिच्या लेखी कबाडाची वरात होती. तांबं महागल्यापासून भंगारवाला तीनदा येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत गेला होता.

रिळं खाली उतरली. दोन गुंडाळ्या बाईंच्याच मोटरीतून शाबूत निघाल्या. तिसरीसाठी मिस्तरींनी तेवढ्याच जाडीची तार चिमटीत धरून तिच्या अंगावरून बोटं फिरवली आणि जिथं कवच खरचटलेलं होतं तिथं कापली. वेढे मोजायला कोण बसलं असेल? साबिरा. गुंडाळीत तीन जोड आले, तिन्ही तार बसते त्या खाचेच्या बाहेर, डोळ्याला दिसतील असे, कारण खाचेत लपलेला जोड आधी दगा देतो. दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडाळी पाण्याच्या टबात बुडवून त्यांनी वीज गळते का ते तपासलं. काटा हलला नाही.

तिसऱ्या दिवशी मोटर बोअरमध्ये उतरवायला ते स्वतः गेले. बटण दाबल्यावर त्यांनी पाइपाला पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, टेकवला आणि त्याची मूठ कानाशी धरली. खालून एकसुरी घरघर येत होती, तंबोरा जुळल्यासारखी. पाइपातून आधी लाल पाणी आलं, मग स्वच्छ. ते सुकलेल्या भेगांत शिरत धानाच्या बुडाशी पोचलं, तेव्हा रुखमाबाईंनी बांधावरून शेजारच्या शेतात हाळी दिली, "रसूलभाऊनं बंदराच्या तोंडातून तार काढली."

दिवाळीनंतर धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाली. बाईंनी ओंजळभर धान दुकानी आणून मिस्तरींच्या तळहातावर ओतलं. दाणा भरलेला होता.

ती हाळी मात्र गावोगाव पसरली. अजूनही ऑटोतून मोटर उतरवता उतरवता कोणीतरी विचारतं, "बंदराच्या तोंडातून तार काढणारा मिस्तरी कुठी बसते?" सुरुवातीला गुलाम रसूल बंदराचा खरा अर्थ समजावून सांगत. आता सांगत नाहीत.

"इथीच," म्हणतात, आणि मान जराशी वर होते.