राक्षसाखालचं कवाड

धान घरात आलं की आमच्या गावात नाटक व्हायचं आणि मंचासाठी गाव आपली दारं द्यायचं. सागवानाच्या जंगलात राहूनही मंचापुरत्या फळ्या विकत घ्यायची ऐपत कोणाची नव्हती. मग बल्ल्या रोवून त्यांवर घरोघरची कवाडं अंथरायची. घरं उघडी राहायची, पण चोरही नाटकालाच बसलेले असत.

कवाड पारखायची रीत सोपी होती. राक्षसाचं काम करणारा गावातला सगळ्यात जाडा माणूस दुपारी प्रत्येकावर उडी मारायचा. टिकलं ते मधे, कुरकुरलं ते कडेला, जिथे राजाचे शिपाई नुसते उभे राहायचे. आपलं कवाड मधे लागावं म्हणून सख्खे भाऊ भांडत.

पंच्याऐंशीच्या सुमारास नाटकाच्या निमित्तानं मला बघायला ब्रह्मपुरीकडचे पाहुणे आले. मुलगा मला मनापासून आवडला होता. बाबांनी लग्न ठरेपर्यंत तोंड बंद ठेवावं, एवढंच मागणं होतं. पण बढाई मारल्याशिवाय बाबांना चहा पचत नसे. घुग्घुसच्या मिस्त्रीकडून आणलेलं आमचं दार अस्सल सागवान आहे, असं त्यांनी पाहुण्यांना दोनदा सांगितलं आणि दाखवायला थेट मंचापाशी नेलं. मागोमाग आम्ही बायकाही गेलो.

"मधी टाका," बाबा म्हणाले. "सागवान हाये."

राक्षसानं उडी मारली आणि कमरेपर्यंत आत गेला. मोडलेल्या जागी तपकिरी रंगाखाली पांढरीफटक सावर दिसत होती, काड्यापेटीच्या काड्या करतात ती. सगळं गाव हसलं. मला रडू आलं, कारण ज्याचं दार खोटं त्याची मुलगी कोण करणार?

मुलाच्या वडिलांनी एक ढलपी उचलून पाहिली.

"आमचंबी सावरीचंच हाये, भाऊ," ते बाबांना म्हणाले. "फक्त आमी त्याच्यावर राक्षस नाचवत नाई."

आता बाबाही हसले. संध्याकाळी सुपारी फुटली. राक्षसाला मात्र पाय मुरगळल्यामुळे बसूनच गर्जना कराव्या लागल्या.

लग्न होऊन सासरी गेले तेव्हा माप ओलांडताना आधाराला दारावर हात टेकला. कवाड हललंसुद्धा नाही. जड, तेलकट, जुनं सागवान होतं. मी सासऱ्यांकडे पाहिलं, तर ते घाईघाईनं पाहुण्यांना पाणी द्यायला निघाले होते.

बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. लाकडातलं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याकडे आले की ते त्याच दारावर टिचकी मारून व्याह्यांच्या सावरीची टिंगल करायचे, आणि सासरे दर वेळी मान डोलवायचे.