रबरवाल्या काकू

आजारी कॉम्प्युटर समोर आला की रबरवाल्या काकू आधी त्याला कान लावायच्या. डोळे मिटून, भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं इतक्या तन्मयतेने. सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल पॅनेल तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर कॉलनीतले कॉम्प्युटर त्या हौसेने दुरुस्त करायच्या. "बाईमाणसाला काय कळणार त्यातलं?" म्हणणारे महाभाग आमच्याकडेही होते. त्यांची नावं मला पाठ आहेत. मशीन बंद पडलं की तेच सगळ्यात आधी काकूंच्या दारात उभे असायचे.

नाव पडलं ते शाळकरी खोडरबरामुळे. रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात रबराने घासायचे, पुन्हा बसवायची. निम्मे कॉम्प्युटर एवढ्यानेच उठून बसायचे. उरलेल्यांसाठी नियम होता, "एका वेळी एकच वस्तू बदलायची. चार बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कधीच कळत नाही."

मला एवढा धीर कुठला! आमचा नवाकोरा कॉम्प्युटर दसऱ्यानंतर दहा-दहा मिनिटांत बंद पडू लागला, तेव्हा मी दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर मालकाला चोर म्हणून आले. तो म्हणत राहिला, "ताई, मशीन तर आणा, बघतो." मी ऐकलंच नाही. घरी येऊन 'ग्राहकांनो, सावधान!' हे पत्रक टाइप करायला बसले, तर तिसऱ्याच ओळीला मशीन गेलं. मग वहीत लिहून काढलं. संध्याकाळी छापायला देणार होते. तेवढ्यात आईने काकूंना बोलावलं.

"काय गं पुढारी, कुणाला फाशी देतेस?"

"दुकानदाराला. जुना माल खपवलाय त्याने."

"उघडून बघितलंस?"

"त्यात काय बघायचंय?"

काकूंनी रॅम घासली. मशीन सुरू झालं, दहा मिनिटांनी गेलं. रॅम निर्दोष. मग झाकण काढून पुन्हा सुरू केलं, कान लावला आणि म्हणाल्या, "प्रोसेसरवरचा पंखा गप्प आहे." बॅटरीच्या उजेडात त्यांनी पात्याशी अडकलेला एक दाणा चिमट्याने ओढून काढला. तांदूळ. कुंकू लागलेला. पंखा भिरभिरला.

डब्याच्या वरच्या बाजूला जाळी होती आणि दसऱ्याला आईने त्याची मनोभावे पूजा केली होती.

"अगं बाई!" आईने तोंडावर हात धरला. "मी तर चिमूटभरच अक्षता वाहिल्या!"

"वहिनी, देव पावला, पंखा तेवढा कोपला."

आम्ही तिघी पोट धरून हसलो. सगळ्यात आधी काकू थांबल्या.

"पुढारी, चपला घाल. दुकानात जायचंय."

"फोन करते ना."

"चोर चारचौघांत म्हणालीस. माफीही चारचौघांत."

मोर्च्यात घसा फाडणारी मी, दुकानात माफी नुसती पुटपुटले. "मोठ्याने," मागून काकू. मोठ्याने म्हटलं. दुकानदार बिचारा "जाऊ द्या हो ताई" म्हणत चहा सांगायला धावला. काकूंनी चहा घेतला आणि पूजेआधी जाळीवर फडकं टाकायला गिऱ्हाइकांना सांगत जा, असं त्यालाही सुनावलं. वहीतलं पान मी घरी येऊन फाडलं.

काकू आता पिंपळगाव बसवंतला मुलीकडे असतात. तिथल्या एका शीतगृहाच्या ऑफिसातले कॉम्प्युटर त्यांच्या तावडीत सापडलेत म्हणे. मी पत्रकं लिहिणं सोडलेलं नाही. फक्त छापण्याआधी ज्याच्यावर लिहिलंय त्याच्या दारात जाते, विचारते, कागद बघते. मित्र म्हणतात, मवाळ झालीस. अजिबात नाही. आता माझ्या पत्रकांना कुणाला उत्तर देता येत नाही, एवढंच.