पुठ्ठ्यावरची लाल फुली
स्केचपेनचा गोडसर वास आला की विद्यानगरचं आमचं घर आठवतं. नवा रंगीत टीव्ही आला त्याच वर्षी अर्धांगाने बाबांची वाचा गेली. मानही हलेना, डाव्या हाताचं बोट तेवढं चालायचं. टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी चित्रं काढली: चहा, पाणी, औषध, पंखा, संडास. बाबा मात्र रिकाम्या कोपऱ्यावरच बोट दाबायचे. "हात थरथरतो त्यांचा," असं म्हणत आई चहा पाजायची. सहा महिन्यांनी नारायणगुड्याहून बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. पुठ्ठा बघून आईला म्हणाल्या, "सब है अम्मा, नक्को किधर है?" मी त्या कोपऱ्यात लाल फुली काढून खाली 'नको' लिहिलं. संध्याकाळी आईने सवयीने कप बाबांच्या ओठांशी नेला. बाबांनी फुलीवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. आई कप घेऊन आत गेली. मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला. परवा कपाट आवरताना तो पुठ्ठा सापडला. बाकीची चित्रं अजून नवी दिसतात. फुलीच्या जागी पुठ्ठ्याचा पापुद्रा निघालाय.