चिठ्ठीअण्णांचं पान सहा

तुमच्या घरातला टीव्ही शेवटचा कोणी दुरुस्त केला, त्या माणसाचं नाव तुम्हाला सांगता येईल?

बहुतेकांना येणार नाही. पण तुमचं घर इस्लामपूरच्या आसपास असेल, तर टीव्हीचं मागचं झाकण उघडून बघा. आत धुळीत, चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी असण्याची शक्यता आहे. निळ्या पेनानं, गोल अक्षरात: ‘पॉवरचा एक कपॅसिटर बदलला. डावीकडच्या स्क्रूचे आटे गेलेत, जपून.’ खाली सही नाही. ज्यानं ती लिहिली त्याला सगळे चिठ्ठीअण्णा म्हणायचे.

उघडलेला एकही टीव्ही त्यांनी चिठ्ठीशिवाय बंद केला नाही. शेजारचा मोबाइलवाला त्यांना चिडवायचा, “आवं अण्णा, रोग बी लिवताय, औषध बी लिवताय. मग पुढच्या खेपंला गिऱ्हाईक तुमच्याकडं कशाला यील?”

“न्हाई आलं तर न्हाई,” अण्णा मान वर न करता म्हणायचे. “पण जो कोण उघडंल, त्यो चाचपडायला नको.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पुढेपुढे मला त्याचा कंटाळा येई. आज ते ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी पाहुण्यांना बसायला जागा नसायची, कारण खुर्च्यांवर पत्रकांचे गठ्ठे असत. वडील लिहायचे, आई घड्या घालायची, मी वाटायचे. सातवीत असताना मी पहिलं पत्रक लिहिलं, शाळेच्या नळाला पाणी नव्हतं म्हणून. ज्ञान सगळ्यांचं, सत्य छापून वाटायचं, झाकून ठेवणारा तो शत्रू, हे मी जेवणाबरोबर गिळलं होतं. सभेचा ॲम्प्लिफायर बिघडला की तो घेऊन मी अण्णांच्या दुकानात जायचे. मला बघितलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे.

“काय गं पत्रकवाले, आज कुणाचा निषेध?”

“तुमचाच. मागच्या वेळी पैसे घेतले नाहीत म्हणून.”

“मग छाप. पण नाव बरोबर छाप.”

अण्णा मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले, दहिवडीच्या पुढच्या एका वाडीचे. घरी मेंढरं. पावसाचा भरवसा नाही, म्हणून ते तरुणपणी इस्लामपूरला आले. त्यांचा एकुलता एक मुलगा आणखी लांब, मुंबईला गेला. तिथे गोदामात कामाला होता. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वाडीवरच राहायच्या. एका घराची तीन माणसं तीन गावांत. अण्णा याबद्दल कधी रडले नाहीत. फक्त वाडीच्या घराशेजारी त्यांनी एक खोली बांधली होती. उत्तरेला दोन मोठ्या खिडक्या, भिंतींना पांढरा चुना, आत काहीच नाही. विचारलं तर म्हणायचे, “कारखाना हाय त्यो. पोरगा आला की चालू हुईल.”

कारखाना कशाचा, हे सांगायचं तर मला टीव्हीच्या पोटात शिरावं लागेल. पडद्यामागे बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात. त्यांचे ठिपके चित्रात दिसू नयेत म्हणून मध्ये एक दुधी शीट घातलेली असते. ती उजेड पसरवते. दुरुस्तीला येणाऱ्या टीव्हीत ती पिवळी पडलेली, वाकलेली असायची, आणि त्याच मापाची दुसरी मिळायची नाही. अण्णा स्वतः करायला लागले. ॲक्रिलिक प्लास्टिकच्या शीटवर बारीक जाळी दाबून नक्षी उठवली, तर पडद्यावर पाण्यासारख्या लाटा दिसायला लागल्या. जाळीच्या सरळ रेघा आणि पडद्याच्या सरळ रेघा एकमेकींवर येत होत्या.

तेव्हा त्यांना जेन आठवलं. लोकर पसरून, भिजवून, लाटून मेंढपाळ जे जाड अंथरूण करतात ते. लहानपणी रानात मुक्काम असला की त्यांची आई वारा लागू नये म्हणून कंदिलापुढे जुनं, झिजून विरळ झालेलं जेन टांगायची. “कंदील कुठं हाय ते दिसायचंच न्हाई गं,” अण्णा सांगायचे, “नुसता उजेड. सगळीकडं सारखा.” जेन विणलेलं नसतं. त्यात एक तंतू दुसऱ्यासारखा पडलेला नसतो. अण्णांनी जेनाचा रबरी ठसा घेतला आणि तो तापवलेल्या शीटवर दाबला. दिव्याच्या नेमकं वर घट्ट जेनाचा ठसा, दोन दिव्यांच्या मधे सैल जेनाचा. ठिपके गेले. लाटाही गेल्या. तीन वर्षं लागली त्यांना. मी पडदा बघितला तेव्हा त्यावर चित्र नव्हतं, नुसता पांढरा उजेड होता, आणि अण्णा त्याच्याकडे असे बघत होते की मी दारातच थांबले.

इस्लामपुरातल्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांनी शीट पाहिली. म्हणाले, पेटंट तुमच्या नावावर झालं की आपण करार करू. दाबायचं मशीन तुमच्या वाडीवर बसवू, माल आम्ही उचलू. म्हणजे खोली भरणार होती. वाडीतल्या चार बाया कामाला येणार होत्या. आणि मुलगा मुंबईहून परत येणार होता. त्यानं फोनवर तसं सांगितलंही होतं: “मशीन बसू द्या, दुसऱ्या दिवशी यष्टीत बसतो.”

मी पेटंटच्या विरोधात होते. भांडलेच त्यांच्याशी. “अण्णा, तुम्ही चिठ्ठ्या लिहिणारे, आणि आता ज्ञानाला कुंपण घालणार?”

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “कुंपण नगं गं. बांध पायजे. आमच्या माणात पाऊस पडत न्हाई असं न्हाई. पडतो. पण बांध नसला की आमचं पाणी पार खालच्या रानात जातं. थोडं तर हितं मुरू दे.”

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक लिहिलं. आठ पानांचं, ‘माणाच्या लोकरीचा उजेड’. कच्ची प्रत घेऊन दुकानात गेले तेव्हा अण्णांनी एकदाच विचारलं, “आधी अर्ज नगं का द्यायला?”

मी म्हणाले, “आधी लोक, अण्णा. सरकार नंतर.”

किती सुंदर वाक्य. मला ते इतकं आवडलं की मी ते मुखपृष्ठावरही छापलं.

अण्णांनी सगळी पानं वाचली. सहाव्या पानावर मी लिहिलं होतं की जेन तापलेल्या शीटवर दाबायचं. त्यांनी पेन काढलं. “असं लिवलंस तर लोकर जळंल, वासानं मरतील. ठसा म्हण. रबरी ठसा.” मग शीट किती तापवायची, किती वेळ दाबायची, घट्ट जेन कुठं आणि सैल कुठं, सगळं समासात लिहिलं. मी म्हटलं, एवढं कशाला? तर तेच. “कुणी कराय गेला, तर चाचपडायला नको.”

औंधच्या यात्रेत आम्ही ते पत्रक वाटलं. जुन्या टीव्हीत शीट घालून दाखवली. लोकांनी अण्णांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. मी तेच पत्रक इंटरनेटवरही टाकलं. अर्ज गेला त्यानंतर चार महिन्यांनी, सांगलीच्या एका वकीलबाईंच्या मार्फत. उशीर माझ्यामुळे झाला. मी दुसऱ्या आवृत्तीच्या मागे होते, आणि अण्णा माझ्यासाठी थांबले होते. वकीलबाईंना पत्रकाबद्दल आम्ही सांगितलंही नाही. पेटंट म्हणजे कायदा आणि पत्रक म्हणजे चळवळ. त्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं मला वाटायचं.

पेटंट कार्यालयात अर्ज तपासणारा एक परीक्षक असतो. जगात ही गोष्ट आधी कुठे छापली गेली आहे का, हे तो शोधतो. त्याचा अहवाल आला तो इंग्रजीत. पहिला आक्षेप एका परदेशी खडबडीत शीटचा होता; वकीलबाई म्हणाल्या, याला उत्तर आहे. दुसरा आक्षेप वाचताना त्या थांबल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. इंग्रजीच्या मधोमध चार ओळी मराठी. माझ्या. पान सहा, दुसरा परिच्छेद. खाली परीक्षकानं लिहिलं होतं: अर्जाच्या तारखेआधी हा शोध लोकांपुढे पूर्णपणे उघड झालेला आहे, आणि त्यातली माहिती इतकी नेमकी आहे की ती वाचून कोणताही जाणकार कारागीर ही शीट बनवू शकेल. म्हणून ती नवी म्हणता येत नाही.

मी पेटले. त्या परीक्षकाविरुद्ध पत्रक काढते म्हणाले. अण्णांनी अहवाल दोन वेळा वाचून घेतला.

“त्याच्यावर कशाला चिडतीस? त्यानं त्याचं काम केलं. आन् एक सांगू? तुझं पत्रक शेवटपतूर वाचणारा त्यो पैला माणूस हाय.”

ते हसले. मला हसता आलं नाही. ‘नेमकी माहिती’ अण्णांच्या पेनाची होती. माझी चूक तशीच छापली असती, जेन जळलं असतं, तर कदाचित अर्ज तरला असता.

एक वाट शिल्लक होती. वकीलबाईंनी विचारलं, “हे छापायला तुमची संमती होती का? तुमच्याकडून मजकूर घेऊन कोणी तुम्हाला न विचारता छापला असेल, तर कायदा ते छापणं तुमच्या विरोधात धरत नाही. उशिराबद्दल मी भांडेन. पण खरं काय ते मला सांगा.”

बाहेर आल्यावर सांगलीच्या स्टँडवर मी अण्णांना म्हणाले, “नव्हती म्हणून सांगा. मी लिहून देते. मी तुमच्या वहीतून चोरलं. माझं काय जातंय?”

“तुझं नाव जातंय.”

“जाऊ दे. तुमचा मुलगा येईल.”

अण्णांनी फलाटावरच्या गाड्यांकडे बघितलं. दहिवडीची गाडी लागली होती. मग म्हणाले, “आजपतूर कधी खोटं छापलंस?”

“नाही.”

“मग आता कशाला? आन् त्या पानावर माझं पेन हाय की गं. आपल्याच हातानं लिवलेलं, मी न्हाई म्हणू?”

सुनावणी कॉम्प्युटरवर झाली, दुकानातच. पडद्यावर अधिकारी, दुसऱ्या चौकटीत वकीलबाई. अधिकारी मराठीत बोलले, आणि फार सौम्य बोलले. त्यांनी विचारलं, “हे पत्रक तुमच्या संमतीनं छापलं होतं का?” मी काउंटरच्या मागे उभी होते. अण्णांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

“व्हय साहेब. मला इचारूनच छापलं. सहावं पान तर मीच तपासलंय.”

समोरच्या अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. “धन्यवाद,” म्हणाले. एवढंच.

अर्ज नामंजूर झाला. निकाल बरोबर होता. हेच मला सहन होत नाही. आजवर प्रत्येक अन्यायात मला बोट दाखवायला कोणीतरी सापडलं होतं. या वेळी बोट फिरून माझ्याकडेच आलं. कारखान्याचे मालक म्हणाले, “आता ते कुणीबी करंल, मग आमी कशाला मशीन घालू?” मुलाला अण्णांनी माझ्यासमोर फोन केला. “न्हाई झालं बाबा,” म्हणाले. “तू हाय तितं नीट ऱ्हा.” त्यानंतर त्यांनी खोलीबद्दल कधी बोलणं काढलं नाही. मला मात्र तसंच विचारायचे, आज कुणाचा निषेध? मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून निघून जायचे. पुढेपुढे ॲम्प्लिफायर दुसऱ्याकडे द्यायला लागले.

निकालानंतरच्या उन्हाळ्यात अण्णा दुकानातच गेले, स्टुलावर बसल्या जागी. समोर एक टीव्ही उघडा होता. चिठ्ठी लिहायची राहिली. मुंबईहून मुलगा आला, दिवस घातले, दुकानाची किल्ली जागामालकाला दिली आणि परत गेला. काकूंना भेटायला मी वाडीवर गेले. खोलीत कडबा रचला होता, खिडकीपर्यंत. काकू म्हणाल्या, “चुना पांढरा हाय अजून. बघ, आत बघ.” पत्रकावरून त्या मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पत्रकाच्या उरलेल्या प्रती जाळायच्या म्हणून मी बांधून ठेवल्या होत्या. मग गेल्या महिन्यात आमच्या घरचा टीव्ही बंद पडला. तो शेवटचा अण्णांनीच दुरुस्त केला होता, निकालानंतर. मी भेटत नव्हते म्हणून आईनं नेऊन दिला होता. नव्या मेकॅनिकनं मागचं झाकण उघडलं आणि हातातली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. “ताई, हे मला लिवलंय का तुमाला?”

निळं पेन, गोल अक्षर. ‘दिव्यांच्या दोन पट्ट्या बदलल्या. शीट माझी घातली आहे. कशी करायची ते पत्रकात सगळं दिलं आहे. पान सहा बघा. चांगलं लिहिलं आहे.’

मी गठ्ठा सोडला. त्या मेकॅनिकला एक प्रत दिली. तो दारातच उभा राहून पान सहा वाचत होता, आणि मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात कुणीतरी काहीतरी नवं बनवून बसलेलं असेल. उद्या त्याच्याकडे जा. फोटो काढू नका, व्हिडिओ टाकू नका, खांद्यावर हात टाकू नका. आधी विचारा, अर्ज दिला का? दिला नसेल तर त्याला घेऊन स्वतः जा. आणि अर्जाची पावती त्याच्या हातात पडेपर्यंत त्याच्याबद्दल एक ओळसुद्धा लिहू नका.