पाण्याले बसू द्या

मोठीबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी मोहाखालचा पाला झाडत होते. सकाळची फुलं वेचून झाली होती, उद्यासाठी जागा साफ करत होते. शेजारच्या झाडाखाली तानाबाई होती. फोन माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे मोठीबाईच्या नवऱ्याचा होता. आमच्याकडे भासरा आणि लहान भावाची बायको एकमेकांशी सहसा बोलत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी फोन केला नव्हता, म्हणून आवाज ऐकला तेव्हाच मला समजलं. "मोठी गेली वं बाई," एवढंच ते गडचिरोलीच्या दवाखान्यातून म्हणाले. तानाबाईने तिकडून विचारलं, "काय झालं वं?" मी सांगितलं. तिच्या हातातला खराटा थांबला... आणि मग झाडून झालेली जागाच ती पुन्हा झाडत राहिली. तिथे एक पानही उरलेलं नव्हतं.

मोठीबाई म्हणजे पार्वताबाई, माझी थोरली जाऊ. मी तिला बाई म्हणायचे, अहोजाहो करायचे. पण मनात ती नेहमी 'ती'च होती, म्हणून इथे तसंच लिहिते. आमचं अंगण एक, चुली दोन. मी चौथीपर्यंत शिकले, ती शाळेत गेली नव्हती. तरी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे आणि तिचा आवाज पार नाल्यापलीकडे जाई. गावसभेत कोणी मला काही विचारलं की तीच उठायची. "लहानीच्या वाट्याचंबी मीच बोलतो, तिचं तोंड घरी ठेवून आलो," म्हणायची. सगळे हसायचे, मीही पदराआड हसायचे.

मोहाच्या दिवसांत आमच्याकडे पूर्वी पाला झाडत नसत, जाळत असत. प्रत्येक घर आपापल्या झाडाखाली काडी लावायचं. खालची जमीन काळी होते, पिवळी फुलं लगेच दिसतात, वेचायला सोपं जातं. आमच्या सासूने तेच केलं, तिच्या सासूनेही तेच केलं असेल. एका वर्षी वारा उलटा फिरला आणि आग डोंगरावर चढली. कितीतरी दिवस डोंगर धुमसत होता. कोणाच्या झाडाखालून गेली ते कोणालाच ठाऊक नाही, कारण काडी सगळ्यांनीच लावली होती. पावसाळा लागला आणि नाल्याला काळं पाणी आलं. राख, माती, जळकी लाकडं सगळं खाली. डोंगरावर पाला नाही, गवत नाही, पाणी धरून ठेवायला काहीच नाही. नाला दोन दिवस गर्जायचा आणि तिसऱ्या दिवशी कोरडा पडायचा. डोह गाळाने भरला. दिवाळीनंतर गुरांना पाजायला पाणी राहिलं नाही.

मग पाणलोटाच्या कामावरचे एक साहेब येऊ लागले. तरुण होते, शांत बोलायचे. डोंगरापासून खालपर्यंत नाल्यात जागोजागी दगडाचे बुटके बांध घालायचे, असं त्यांनी समजावलं. "बांध ठेंगणा ठेवा, मधोमध खोलगट ठेवा, पाणी त्यावरून सांडू द्या. वेग कमी झाला की गाळ आपोआप खाली बसेल," असं ते म्हणाले. बायकांचं काम मोठीबाईकडे होतं. वरचे बांध साहेबांच्या समोर झाले. सगळ्यात खालचा, तानाबाईच्या शेताच्या वरचा, राहिला होता आणि साहेब दुसऱ्या गावाला गेले. मोठीबाईला तो ठेंगणा बांध पटत नव्हता. आम्ही धानवाली माणसं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी भरायचं, कडेच्या धुऱ्यातून थेंब जाऊ द्यायचा नाही, हेच जन्मभर केलेलं. "आमी धान पिकवतो, अन् आमाले बांध घालाले शिकवतेत! पानी सांडाचं तं बांध कायले?" ती म्हणाली. कोणालाही ते खरंच वाटलं. आम्ही दगडांत चिखल ठासला, माती चढवली, पायाने चोपून चोपून शेताच्या धुऱ्यासारखा उंच, गच्च बांध केला. ती त्यावर उभी राहून म्हणाली, "आता जाऊन दाखव रे बाबू!"

पाणी गेलं. रोवणी नुकतीच आटोपली होती. मोठ्या पावसात तो बांध एकदमच फुटला आणि मागचं सगळं पाणी, रेती, गोटे घेऊन तानाबाईच्या बांध्यांवर आलं. सकाळी बघायला गेलो तर हिरवं काही दिसतच नव्हतं. तानाबाई धुऱ्यावर उभी होती. ती भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. भांडली असती तर बरं झालं असतं...

तानाबाई आणि मोठीबाई एकाच गावच्या माहेरवाशिणी. रोज दुपारी मोठीबाई तिच्या छपरीत जायची. तिथे भिंतीला टेकवलेला एक लाकडी पिढा होता. "बस वं," तानाबाई म्हणायची आणि पिढा पायाने पुढे सरकवायची. त्या दिवशी दुपारी मोठीबाई गेली, मीही मागे होते. तानाबाई तांदूळ पाखडत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा पाखडू लागली. "ताने, चुकलं माहं," मोठीबाई म्हणाली. तानाबाई म्हणाली, "होते कवा कवा." पण बस म्हणाली नाही. आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा दारात आल्यावर बस म्हणतात. मोठीबाई थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली. पुढे दोघी बोलायच्या, वाण देत-घेत, एकमेकींच्या लग्नकार्याला जात. पण तो एक शब्द तानाबाईने पुन्हा काढला नाही, आणि मोठीबाई त्या छपरीत कधी बसली नाही.

कापणी झाल्यावर मोठीबाईने आम्हा बायकांना घेऊन तानाबाईच्या शेतातली रेती काढली. घमेली भरभरून, कितीतरी दिवस. मग खालचा बांध पुन्हा घातला, साहेबांनी सांगितला तसा, ठेंगणा, मधे खोलगट. कोणी दगड जरा उंच रचला की ओरडायची, "उतरव तो! पाण्याले बसू द्या वं. जरासं बसन, दम घेईन, मंग जाईन आपल्या वाटेनं. पाहुना बसते तसं." आम्ही हसायचो. ती हसायची नाही. मी तिच्या तोंडाकडे बघायचे आणि मला वाटायचं, ही पाण्याचंच बोलते आहे ना...

त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याआधी ती सगळा नाला चढून जायची. सरकलेले दगड बसवायची. काठाने बांबू लावले, जळक्या खोडांना फुटवे आले तिकडे बकऱ्या जाऊ द्यायची नाही. गावची माणसं तिला नाल्याची सासू म्हणायची. "सासू नाई रे, सून आहो," ती म्हणायची, "रोज याचंच उष्टं-खरकटं काढतो." मोहाखाली काडी लावायची नाही, खराट्याने झाडायचं, हेही तिनेच गावसभेत ओरडून ओरडून ठरवून घेतलं. हळूहळू डोंगरावर पाला साठू लागला. नाल्याला माघापर्यंत धार राहू लागली. पहिली ओल तानाबाईच्या बांध्यांना मिळते, तिचं शेत आता आमच्या सगळ्यांहून बरं पिकतं. मोठीबाई म्हणायची, "मोवा पडतानी डोहात पानी दिसलं पायजे, मंग मी म्हनीन झालं."

यंदा तिच्या छातीत दुखू लागलं तेव्हा मोह पडत होता. भाड्याची जीप आणली. कुरखेड्यापर्यंत मी सोबत होते, पुढे गडचिरोलीला भासरे घेऊन गेले. जीप तानाबाईच्या घरासमोरून गेली. ती दारात उभी होती. मोठीबाईने मान वर केली. तानाबाईचे ओठ हलल्यासारखे मला दिसले, पण गाडी पुढे निघाली होती. नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, मोठीबाईने ड्रायव्हरला हात केला. "थांब बाबू, जरासाक." खाली डोहात पाणी होतं. स्वच्छ, हलत नव्हतं, वर मोहाची दोन-चार फुलं तरंगत होती. ती कितीतरी वेळ बघत राहिली. "बसलं वं लहाने, पानी," ती म्हणाली. मग थोडं पुढे गेल्यावर डोळे मिटूनच विचारलं, "ताना काई म्हने का?" मी म्हणाले, "गाडीच्या आवाजात आयकू नाई आलं, बाई." ती म्हणाली, "हं..." त्यानंतर आमचं बोलणं असं झालंच नाही.

तेरवी झाली. परवा मी तानाबाईकडे सूप मागायला गेले. छपरीत तो पिढा पुढे काढून ठेवला होता, धुऊन पुसून. मी त्याच्याकडे बघत होते. मी विचारलं नसतं, मला विचारता येत नाही. तीच बोलली. "काईच नाई म्हटलं वं मी त्या दिवशी. तोंड उघडलं, शबद नाई निंगाला. राग तं कवाच गेला होता. पन इतके वर्स नाई म्हटलं, तं एकदम कसं म्हनू... असं वाटे. दवाखान्यातून आली का म्हनीन म्हटलं." मग ती पदराने तोंड पुसत राहिली. अंगणात कोणाची तरी कोंबडी आली होती, तिलाही तिने हाकललं नाही.

मी सूप घेऊन उभीच होते. जावं की थांबावं कळत नव्हतं. तानाबाईने पायाने पिढा माझ्याकडे सरकवला.

"बस वं लहाने," ती म्हणाली, "रिकामा ठेवाले नाई काढला."

मी बसले. कडेलाच, अर्धा पिढा मोकळा ठेवून.